रिपोर्टवर क्लिंडामायसिन 'एस', पेशंटमध्ये फेल: सांगलीतल्या एका काळपुळीची केस

पार्श्वभूमी

मी मिरजेत मायक्रोबायोलॉजीचं काम करते, त्यामुळं पेशंट कमी आणि जंतू वाढवायच्या प्लेटाच जास्त बघते. ही केसही आधी फोनवरून आली, पेशंट नंतर बघितला. त्यांना इथं तात्या म्हणू. वय पन्नाशीच्या आसपास, सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली. खरं नाव-गाव आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदललेत, औषधं आणि प्लेटवर जे दिसलं ते मात्र जसंच्या तसं ठेवलंय.

हळदीचा सीझन जोरात होता. पोतं पाठीवर घेताना तागाचा काठ मानेमागं रोज त्याच जागी घासतो, घाम, धूळ, हळदीची भुकटी. तिथं आधी केसतोड झाला, मग तो सुजला. घरी गव्हाच्या पिठाचं पोटीस बांधलं, हळद-तेल लावलं, आठवडाभरात तीन-चार तोंडांतून पू यायला लागला. काळपुळी. आणि काळपुळी दिसली की आधी साखर बघायची हे जुने डॉक्टर सांगतात ते उगाच नाही, फॅमिली डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून बघितली तर ३४० च्या वर. डायबेटिस असल्याचा घरात कुणालाच पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी गळू फोडून पू काढला, अमॉक्सिक्लॅव चालू केलं, शुगरच्या गोळ्या दिल्या आणि पू कल्चरला, म्हणजे त्यात कोणता जंतू आहे ते वाढवून बघायला, पाठवला. इथं त्यांना पूर्ण मार्क, कारण आपल्याकडं गळवाचा पू बहुतेक वेळा बादलीत जातो. तीन दिवसांनी रिपोर्ट आला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस (स्टॅफ), त्यातही एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन आणि पेनिसिलिनच्या बहुतेक भावंडांना दाद न देणारा. म्हणजे अमॉक्सिक्लॅवचा काही उपयोग नव्हता. खालच्या यादीत (एस म्हणजे जंतू औषधाला दाद देतो, आर म्हणजे देत नाही) एरिथ्रोमायसिन आर, क्लिंडामायसिन एस, कोट्रायमॉक्साझोल आर, डॉक्सीसायक्लिन एस, लिनेझोलिड एस, व्हॅन्कोमायसिन एस.

त्यांनी क्लिंडामायसिन निवडलं, ३०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा. निवड अजिबात चुकीची म्हणता येणार नाही. तोंडानं घेता येतं, त्वचेत आणि मऊ भागात चांगलं पोचतं, शिवाय स्टॅफची प्रथिनं बनवायची मशीनच थांबवत असल्यामुळं त्याची विषं बनणंही कमी होतं. लिनेझोलिड राखून ठेवावं हाही विचार त्यात होता.

अडचण

चार-पाच दिवस बरं वाटलं. ताप गेला, पू कमी झाला. (हे औषधामुळं की पू काढल्यामुळं हे तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि सुधारत असलेल्या पेशंटबद्दल कोण विचारणार.) मग घसा धरला. गल्लीतल्या मेडिकलमधून अजिथ्रोमायसिन ५०० ची तीन गोळ्यांची स्ट्रिप आणली, रोज एक. क्लिंडा चालूच होतं. त्यानंतर दोनेक दिवसांत थंडी वाजून ताप, जुन्या जखमेतून परत पू, आणि थोडं खाली खांद्याकडं नवीन गाठ.

मिरजेला सर्जनकडं आणलं तेव्हा मुलाचा पहिला प्रश्न हा होता, "साहेब, एक बी गोळी चुकवली न्हाई, टायमाला उठवून दिली, मग परत कसं आलं?" तेव्हा दुसरं काही औषध घेतलंय का असं विचारल्यावर दोघंही नाही म्हणाले. रेसिडेंट डॉक्टरनं जरा चिकाटीनं, अगदी खोकला-सर्दी-घसा असं एकेक करून विचारलं, तेव्हा मुलानं शर्टाच्या खिशातून ती रिकामी स्ट्रिप काढली. तात्या म्हणाले, "ती घशाची गोळी हुती वो, मानंची न्हवं."

सर्जननी मला फोन केला तो एवढ्यासाठीच, की रिपोर्टवर क्लिंडा एस आहे, पेशंटनं गोळ्या घेतल्यात, तरी फेल जातंय, तर डोस वाढवू का. मी म्हटलं आधी जुना रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाका आणि नवीन गाठीतला पू पाठवा, स्वॅब नको, सिरिंजमध्ये ओढून पाठवा.

जुन्या रिपोर्टमध्ये खटकली ती एकच जोडी: एरिथ्रो आर आणि लगेच खाली क्लिंडा एस. दोन ओळी वेगवेगळ्या वाचल्या तर काहीच वाटत नाही. एकत्र वाचल्या तर त्यातून दोन अर्थ निघतात, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक म्हणजे त्या स्टॅफकडं एमएसआर-ए नावाचा जीन आहे, तो एरिथ्रोपासून वाचवतो पण क्लिंडाला हात लावत नाही, मग क्लिंडा बिनधास्त द्या. दुसरा म्हणजे त्याच्याकडं ईआरएम जीन आहे, तो दोन्ही औषधं निकामी करू शकतो, पण सध्या बंद आहे. रिपोर्टवर या दोन्हींचा चेहरा सारखाच दिसतो.

पहिल्या लॅबला फोन केला. तिथल्या माणसानं सरळ सांगितलं की ते तयार रिंग वापरतात, म्हणजे एकाच कागदी चक्रीला सहा-आठ औषधांचे ठिपके जोडलेले असतात ती. त्यांच्या रिंगमध्ये एरिथ्रो आणि क्लिंडा समोरासमोरच्या टोकांना होते, म्हणजे एकाचा दुसऱ्यावर असर दिसणार नाही इतके लांब. प्लेट कधीच ऑटोक्लेव्ह होऊन गेली होती, त्यामुळं ती वाट बंद.

प्लेटवर काय दिसलं

ग्राम स्टेनमध्ये त्याच दिवशी घोसात असलेले ग्राम पॉझिटिव्ह कोकाय, म्हणजे स्टॅफसारखे गोल जंतू, दिसले, दुसऱ्या दिवशी कल्चर उगवलं. मग म्युलर-हिंटन अगारवर (जंतूंचं जेलीसारखं खाद्य) ०.५ मॅकफार्लंडचं, म्हणजे ठरलेल्या गढूळपणाचं, जंतूंचं सस्पेन्शन पसरून एरिथ्रोची १५ मायक्रोग्रॅमची आणि क्लिंडाची २ मायक्रोग्रॅमची डिस्क (औषध लावलेली कागदी टिकली) शेजारी-शेजारी लावली, कडेपासून कडेपर्यंत २० मिमी अंतर ठेवून. स्टॅफसाठी १५ ते २६ मिमी चालतं. ३५ डिग्रीला ठेवलं.

सकाळी प्लेट उलटी करून काळ्या कागदावर धरली. एरिथ्रोच्या डिस्कला झोनच, म्हणजे जंतू न उगवलेला रिकामा गोल, नाही, वाढ अगदी डिस्कला चिकटलेली. क्लिंडाचा झोन २४ मिमीचा, म्हणजे २१ च्या वर, कागदोपत्री छान एस. फक्त तो गोल नव्हता. एरिथ्रोकडची बाजू सपाट होती, सुरीनं कापल्यासारखी, इंग्रजी डी अक्षर आडवं-उभं काय पडेल तसं. म्हणूनच या टेस्टला डी-टेस्ट म्हणतात. आणि त्या डीच्या आत, जिथं काहीच उगवायला नको, तिथं टाचणीच्या टोकाएवढ्या चार-पाच कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके.

त्यातली एक कॉलनी उचलून वेगळी वाढवली आणि परत टेस्ट लावली. तिला क्लिंडाचा झोनच आला नाही, शेजारी एरिथ्रो असो नसो.

सेफॉक्सिटिनचा झोन १५ मिमी आला, २१ किंवा कमी म्हणजे एमआरएसए, त्यामुळं तो भाग पहिल्या लॅबचा बरोबरच होता.

जीन बंद-चालू कसा होतो

हे थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत.

एरिथ्रो, अजिथ्रो, क्लिंडा ही औषधं बॅक्टेरियाच्या रायबोसोमच्या (प्रथिनं बनवायची मशीन ती हीच) मोठ्या भागावर जवळजवळ एकाच जागी बसतात. ईआरएम जीनपासून जे एन्झाइम बनतं ते त्या मोठ्या भागातल्या २३एस आरआरएनएमधल्या २०५८ नंबरच्या अ‍ॅडेनिनवर मिथाइल ग्रुप चिकटवतं. बसायची जागाच बिघडली, की मॅक्रोलाइड (एरिथ्रो, अजिथ्रो), लिंकोसामाइड (क्लिंडा) आणि स्ट्रेप्टोग्रामिन बी असे तीन गट एका फटक्यात बाद.

पण हे एन्झाइम कायम बनवत बसणं जंतूला परवडत नाही. मिथाइल लागलेला रायबोसोम काही प्रथिनं नीट बनवत नाही, शर्यतीत तो मागं पडतो. म्हणून बऱ्याच स्टॅफमध्ये हा जीन गरज पडेपर्यंत बंद असतो. बंद म्हणजे एमआरएनए (जीनची रायबोसोमनं वाचायची नक्कल) तयार असतो, पण तो स्वतःवरच असा दुमडलेला असतो की एन्झाइमचा मजकूर जिथून वाचायला सुरुवात करायची ती जागा आत दडून जाते. त्याच्या आधी एक छोटासा लीडर पेप्टाइडचा तुकडा आहे, ईआरएम-सीमध्ये फक्त १९ अमिनो आम्लांचा, तो रायबोसोम वाचतो आणि सोडून देतो. एरिथ्रो बसलेला रायबोसोम हा तुकडा वाचताना मध्येच, नवव्या कोडॉनपाशी, अडकतो. तो तिथं अडकून बसला की एमआरएनएची घडी बदलते, दडलेली जागा उघडी पडते आणि दुसरा एखादा मोकळा रायबोसोम येऊन एन्झाइम बनवायला लागतो.

क्लिंडा बसलेला रायबोसोम तिथं तसा अडकत नाही, म्हणून घडी उघडत नाही. तात्यांच्या मुलाला मी हे पोत्याच्या शिलाईवरून सांगितलं: बरोबरचा दोरा ओढला तर अख्खी शिलाई सर्रकन उसवते, चुकीचा ओढला तर गाठ आणखी बसते. एरिथ्रो बरोबरचा दोरा ओढतं, क्लिंडा चुकीचा. त्याला लगेच कळलं, आमच्या पीजी स्टुडंटला कळायला जास्त वेळ लागतो.

आता यातली खोच बघा. घडी उघडायला एक अडकलेला रायबोसोम लागतो आणि एन्झाइम बनवायला एक मोकळा लागतो. म्हणजे औषध भरपूर असेल तर सगळेच रायबोसोम बंद, अजिबात नसेल तर घडी बंद, आणि थोडंथोडं असेल तेव्हा जीन सगळ्यात जोरात चालतो. अजिथ्रो शरीरातून फार हळू जातं, तीन गोळ्या संपल्यावरही टिश्यूमध्ये कितीतरी दिवस थोडंथोडं राहतं. तोंडानं तीन दिवसांचा कोर्स पुरतो तो याच गुणामुळं, आणि इथं तोच गुण आडवा आला.

जीनला जागं करून बघायची पद्धत लॅबला नवीन नाही. एमआरएसएला तो ताठरपणा देणारा एमईसी-ए जीनसुद्धा एमईसी-आय किंवा बीएलए-आय या रिप्रेसरनं दाबून ठेवलेला असू शकतो, आणि ऑक्सासिलिनपेक्षा सेफॉक्सिटिन त्याला जास्त चांगलं उठवतं, म्हणून तर आपण एमआरएसएसाठी सेफॉक्सिटिनची डिस्क लावतो. तिथं टेस्ट करायचं औषधच जागं करणारं निवडलंय. क्लिंडाच्या बाबतीत ते जमत नाही, जागं करायला दुसरं औषध शेजारी ठेवावं लागतं, आणि ते ठेवलं नाही तर आपण झोपलेल्या जंतूचा रिपोर्ट देतो.

मग अजिथ्रोनंच घात केला का? सर्जनना हेच उत्तर हवं होतं. माझं मत अर्धं हो. अजिथ्रोनं जीन उठवला असणार, वेळही जुळते. पण त्या टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी दुसरी गोष्ट सांगतात. लीडरच्या भागात एखादं म्युटेशन झालं, थोडा तुकडा गळला किंवा दुप्पट झाला, की घडी बसतच नाही आणि जीन कायमचा चालू राहतो. असे म्युटंट लाखो-करोडोंत एखादा असतात, गळवातल्या पुवात जंतूच तेवढे असतात, आणि क्लिंडा दिलं की बाकीचे मरून हेच उरतात. त्याला अजिथ्रोची गरजच नाही. प्लेटवरच्या कॉलनी प्लेटवरच निवडल्या गेल्या असतील, त्यामुळं तात्यांच्या मानेत नेमकं हेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण घशाची गोळी घेतली नसती तर क्लिंडा नक्की चाललं असतं असंही कुणी म्हणू नये.

पर्याय

सर्जनचं म्हणणं पडलं, "झोन २४ आहे ना, मग एस लिहा, मी डोस वाढवतो." रिपोर्टिंगचा नियम साफ आहे, डी-टेस्ट पॉझिटिव्ह असेल तर क्लिंडा आर लिहायचं, झोन कितीही मोठा असू दे. डी-पॉझिटिव्ह असूनही क्लिंडावर बरे झालेले पेशंट असतात हे खरं, विशेषतः लहान गळू नीट फोडलेलं असेल तर, पण ते चांगलं चाललेल्या पेशंटचं औषध बदलायचं की नाही या प्रश्नासाठी. इथं डायबेटिस, थंडी-ताप आणि औषध चालू असताना आलेली नवी गाठ. मी आर लिहिलं.

लिनेझोलिडला सर्जनची पसंती होती. फॅमिली डॉक्टरांनी फोनवर रास्त शंका काढली की तेही रायबोसोमच्या त्याच मोठ्या भागावर बसतं, मग ईआरएमनं तेही जाईल का. नाही जात, २०५८ वरच्या मिथाइलनं लिनेझोलिड अडत नाही. त्याला अडवणारा सीएफआर नावाचा वेगळा जीन आहे, तो २५०३ नंबरवर मिथाइल लावतो. आमची हरकत वेगळी होती. आपल्याकडं लिनेझोलिड औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत लागतं, ते गळवाला सर्रास वापरू नये, आणि दोन आठवड्यांच्या पुढं गेलं तर प्लेटलेट्सवर लक्ष ठेवावं लागतं. यादीतून काढलं नाही, मागं ठेवलं.

डॉक्सी रायबोसोमच्या छोट्या भागावर, ३०एसवर, बसतं, ईआरएमशी संबंधच नाही, स्वस्त आहे, गोळी आहे. टेट्रासायक्लिनची डिस्कही मुद्दाम लावली होती, ती एस आली म्हणजे डॉक्सीवर विश्वास ठेवता येतो. पण थंडी वाजून ताप आलेला डायबेटिक माणूस, जंतू रक्तात गेला असेल तर डॉक्सीवर सोडणं म्हणजे जुगार. म्हणून आधी व्हॅन्कोमायसिन. पहिल्या रिपोर्टवर व्हॅन्को डिस्कनं एस लिहिलं होतं, जे लिहूच नये, डिस्कवर व्हॅन्कोचा कमी झालेला असर कळत नाही. आमच्याकडं एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी औषध) काढली, १ आली, म्हणजे एस.

काय केलं

व्हॅन्कोच्या आधी दोन्ही हातांतून ब्लड कल्चर घेतलं. क्रिएटिनिन (किडनीचं काम) बघून १ ग्रॅम बारा तासांनी, प्रत्येक वेळी तासाभरापेक्षा जास्त वेळ घेऊन हळू सोडलं, नाहीतर माणूस लालबुंद होतो आणि घरचे घाबरतात. नवीन गाठ फोडली, जुन्या काळपुळीचं मेलेलं टिश्यू काढून जखम उघडी ठेवली. इन्सुलिन चालू केलं, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ११ च्या वर होतं. क्लिंडा बंद.

४८ तासांत ब्लड कल्चरमध्ये काही उगवलं नाही, ताप उतरला, तेव्हा डॉक्सी १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशा गोळ्यांवर आणलं. इथं थोडी वादावादी झाली, कारण व्हॅन्को आठवडाभर द्यावं असं एक मत होतं. पू निघालेला, रक्त स्वच्छ, साखर खाली येत असलेली, अशा वेळी फक्त मनाच्या समाधानासाठी सलाईन लावून ठेवण्यात अर्थ नव्हता. एकूण दोन आठवड्यांचा कोर्स झाला.

जाताना तात्यांच्या मंडळींना, वैनींना सांगितलं, गोळी भरपूर पाण्याबरोबर, दुधाबरोबर नको, अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर नको, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, आणि या गोळीनं उन्हात कातडी लवकर भाजते, म्हणून दुपारी घराबाहेर नको. टॉवेल वेगळा.

निकाल

पाच दिवसांनी ब्लड कल्चरचा शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. जखम आतून भरत भरत दीड-एक महिन्यात बुजली. तात्या आता पाठीवर पोतं घेत नाहीत, टोळीतल्या लोकांनी समजून घेऊन त्यांना वजन-काट्यापाशी बसवलंय. साखर अजून वर-खाली होते.

वेगळं काय करता आलं असतं

फॅमिली डॉक्टरांना मी यात फार बोल लावत नाही, त्यांनी कल्चर पाठवलं, रिपोर्ट वाचला, रिपोर्टप्रमाणं औषध दिलं. त्यांच्या हातात एक फोन होता. एरिथ्रो आर, क्लिंडा एस दिसलं की लॅबला विचारायचं, डी-टेस्ट केली का. नाही म्हणाले तर क्लिंडा हातचं राखून डॉक्सी देता आलं असतं, ते त्याच रिपोर्टवर एस होतं.

लॅबला तर जास्तीचा रुपयाही लागत नाही. त्याच दोन डिस्क, फक्त शेजारी. रिंगची सोय मला समजते, सॅम्पल शंभर आणि हात दोन, पण रिंगमध्ये अंतर आपल्या हातात राहत नाही. त्या लॅबनं आता निदान स्टॅफसाठी सुट्या डिस्क लावायला सुरुवात केलीय, आणि एमआरएसएचे कल्चर थोडे दिवस राखून ठेवतात. पहिला जंतू हातात असता तर क्लिंडाच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही शेजारी ठेवून बघता आले असते, आणि अजिथ्रोच्या प्रश्नाला माझ्या अर्ध्या होपेक्षा बरं उत्तर मिळालं असतं.

मेडिकलवाल्याबद्दल लिहायला बसले तर वेगळं प्रकरण होईल. एवढंच म्हणते की 'दुसरं काही औषध चालू आहे का' या प्रश्नाला लोक त्याच आजाराचं औषध समजून नाही म्हणतात. घसा, दात, जुलाब असं नाव घेऊनच विचारायला लागतं, त्या रेसिडेंटनं विचारलं तसं.

नंतर थोड्या दिवसांनी त्याच सर्जनकडून दुसऱ्या पेशंटचा पू आला, एरिथ्रो आर, क्लिंडा एस, एमआरएसए. तात्यांच्या अनुभवानंतर त्यांनी फोनवर आधीच सांगून टाकलं की क्लिंडा मी देणार नाही, दुसरं काय ते सांगा. प्लेट बघितली तर एरिथ्रोच्या शेजारीसुद्धा क्लिंडाचा झोन सगळीकडून गोल, आत एकही कॉलनी नाही. डी-टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे बहुधा एमएसआर-एवाला. मी एस लिहिलं आणि खाली डी-टेस्ट निगेटिव्ह अशी ओळ टाकली, त्यांनी क्लिंडा दिलं, आणि ते चाललं.